ओझोनची छत्री फळ्यावरून पुसूया : विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय सहकारी शिक्षकांनो,

१६ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांमध्ये ओझोन दिनाची गडबड सुरू होते. कार्डशीट येतात, रंगपेट्या उघडतात आणि भिंतीवर तेच चित्र लागतं. पृथ्वीच्या डोक्यावर निळी छत्री, छत्रीला एक भोक, भोकातून आत घुसणारे पिवळे बाण आणि पृथ्वीच्या डोळ्यांत पाणी. २२ वर्षं मी हे चित्र फळ्यावर काढलं, मुलांकडून काढून घेतलं, त्याला पहिला नंबरही दिला. आता ते पुसून टाकावं असं मला मनापासून वाटतं, आणि तुम्हीही पुसावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

निमित्त झालं एका मुलीच्या प्रश्नाचं. नववीचा वर्ग, मार्च महिना, दुपारचा तास. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, काल बातम्यांत सांगितलं की शहरात ओझोन वाढलाय. वर तर तो कमी पडतोय ना? मग इथला वर नेऊन सोडला तर भोक बुजेल का?" वर्ग हसला. मी हसले नाही, पण उत्तरही धड दिलं नाही. "तो ओझोन वेगळा गं," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. संध्याकाळी भाजी निवडताना लक्षात आलं की आपण पोरीला चूक सांगितलं. वरच्या आणि खालच्या ओझोनमध्ये तसूभरही फरक नाही. ऑक्सिजनचे तीन अणू, तोच रेणू, तोच उग्र वास. वेगळं आहे ते त्याचं घडणं आणि मोडणं. नेमकं तेच आपण शिकवत नाही. छत्रीच्या चित्रातून ते शिकवताही येत नाही, कारण छत्री एकदा शिवली की झाली, उघडून धरायची. ओझोन असा एका जागी शिवून ठेवलेला कधीच नसतो.

त्याच्यासाठी योग्य चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. काळ-काम-वेगाच्या गणितातला हौद. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर हौदात पाणी किती राहील? ओझोनचं गणित हेच आहे. फक्त इथे दोन्ही नळांच्या चाव्या सूर्याच्या हातात आहेत.

हे गणित १९३० मध्ये सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं. अवघ्या चार अभिक्रिया. वर स्थितांबरात, म्हणजे जिथे बहुतेक ओझोन असतो त्या हवेच्या उंचावरच्या थरात, २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूवर पडले की तो दुभंगतो आणि दोन सुटे अणू मोकळे होतात. असा सुटा अणू जवळच्या ऑक्सिजनच्या रेणूला जाऊन चिकटतो आणि ओझोन तयार होतो. ही गाठ पक्की बसायला शेजारी तिसरा कुणीतरी लागतो, बहुतेक वेळा नायट्रोजनचा रेणू. जोडणीतली जास्तीची ऊर्जा तो घेऊन जातो. दोऱ्याला गाठ मारताना दुसऱ्याने बोट धरावं, तसं त्याचं काम. इथवर झाला भरणारा नळ. पुढे त्या ओझोनवर थोडे लांब तरंगलांबीचे अतिनील किरण पडतात, ते तो शोषतो आणि फुटतो. पुन्हा एक ऑक्सिजनचा रेणू आणि एक सुटा अणू. चौथी अभिक्रिया क्वचित घडते. सुटा अणू ओझोनलाच धडकतो आणि दोघांचे मिळून साध्या ऑक्सिजनचे दोन रेणू होतात. हा रिकामा करणारा नळ.

यातल्या तिसऱ्या पायरीपाशी वर्गात थांबा. मीही इतकी वर्षं ती घाईने उरकत होते, आणि सगळं मर्म तिथेच आहे. चाळीस किलोमीटर उंचीवर, भर दुपारी, ओझोनचा एखादा रेणू जेमतेम काही मिनिटं टिकतो. किरण आला, रेणू फुटला. सुटलेला अणू साधारण सेकंदाभरात दुसऱ्या ऑक्सिजनला बिलगतो आणि पुन्हा ओझोन होतो. पुन्हा किरण, पुन्हा फुटणं, पुन्हा जुळणं. या एका फेरीत ओझोन कमी झाला नाही, पण एक घातक किरण मात्र संपला आणि त्याची ऊष्णता झाली. तपांबरात, म्हणजे आपण राहतो त्या जमिनीलगतच्या थरात, वर जावं तशी हवा गार होते, पण स्थितांबरात मात्र वर जावं तसं तापमान वाढतं, ते याच ऊष्णतेमुळे. म्हणजे ओझोन आपलं रक्षण करतो तो न फुटता नव्हे, फुटत राहून. फुटणं हेच त्याचं काम आहे. हे वाक्य पहिल्यांदा वर्गात म्हटलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे वाकली होती.

मग प्रश्न येतो, अशा या हौदात ओझोन आहे तरी किती? सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला तर पृथ्वीभोवती सरासरी फक्त ३ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा होईल. पट्टीवर ३ मिलिमीटर दाखवा. मुलांचा विश्वास बसत नाही. ऑक्सफर्डच्या डॉबसन यांच्या नावाच्या एककात हे माप ३०० येतं, कारण १०० डॉबसन म्हणजे १ मिलिमीटर. आपल्याकडचा आकडा सहसा त्याहून कमी असतो. यात एक गंमत आहे, आणि ती भूगोलाच्या शिक्षकांनी जरूर सांगावी. ओझोन सर्वांत जास्त तयार होतो तो विषुववृत्ताच्या पट्ट्यात, कारण तिथे ऊन सरळ पडतं. पण स्थितांबरातले संथ वारे तो ध्रुवांकडे वाहून नेतात आणि तिकडच्या खालच्या थरांत साठवतात. पिकतं एकीकडे आणि कोठारं भरतात दुसरीकडे. या मोजणीत भारताचाही जुना वाटा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन यांनी ओझोनच्या अभ्यासात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली आणि ते आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षही होते. पुण्याच्या हवामान खात्यातून ओझोन मोजणारे फुगे कित्येक दशकं आकाशात सोडले जात आहेत. पुण्यातल्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

चॅपमन यांच्या गणितात एक खोट निघाली. त्यांच्या चार अभिक्रियांनी जेवढा ओझोन यायला हवा, त्याच्या निम्म्याच्या आसपासच प्रत्यक्षात सापडत होता. म्हणजे हौदाला आणखी कुठेतरी गळती होती. ही गळती पुढच्या चाळीस वर्षांत हळूहळू सापडली. पाण्याच्या वाफेपासून होणारी मूलकं, म्हणजे रेणूंचे सुटे आणि फार चपळ तुकडे, आणि पॉल क्रुट्झन यांनी १९७० मध्ये दाखवलेली नायट्रोजनची ऑक्साइड. ही मंडळी उत्प्रेरक आहेत, म्हणजे ओझोन मोडतात पण स्वतः मोडत नाहीत, काम झालं की पुन्हा पहिल्यासारखी मोकळी. ही गळती नैसर्गिक होती आणि हौदाची पातळी तिच्यासकट जमलेली होती.

मग माणसाने एक नवी तोटी बसवली. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी. १९३० च्या आसपास आलेले हे वायू फ्रिजसाठी देवदूतच वाटले होते, कारण ते जळत नाहीत, विषारी नाहीत, कशाशीही अभिक्रिया करत नाहीत. याच गुणामुळे ते पावसात विरघळत नाहीत, वाटेत कुठे नष्ट होत नाहीत आणि वर्षानुवर्षं तरंगत वर पोचतात. तिथे ओझोनच्याही वरच्या भागात त्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कडक अतिनील किरण भेटतात आणि त्यांच्यातला क्लोरिनचा अणू सुटतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये हे सांगितलं. क्लोरिन ओझोनचा एक ऑक्सिजन हिसकावतो आणि क्लोरिन मोनॉक्साइड होतो, तो पुढे एका सुट्या ऑक्सिजनच्या अणूला भेटला की क्लोरिन पुन्हा मोकळा. स्थितांबरातून बाहेर पडेपर्यंत एक अणू लाखभर ओझोनचे रेणू मोडू शकतो. क्रुट्झन, मोलिना आणि रोलंड या तिघांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता भोकाकडे येते. मुलांच्या मनात असतं की कारखाने आणि फ्रिज जिथे जास्त, तिथे वर भोक. मग ते अंटार्क्टिकावर का, जिथे पेंग्विन आणि मूठभर शास्त्रज्ञ राहतात? १९८५ च्या मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तीन ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या ओझोनच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पूर्वी ऑक्टोबरमध्ये ३०० डॉबसनच्या आसपास असणारा आकडा २०० च्या खाली गेला होता. कुणाच्याही गणितात एवढी घट बसत नव्हती.

उत्तर पुन्हा सूर्यापाशीच सापडलं, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. अंटार्क्टिकात हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. वर स्थितांबरात वाऱ्यांचा एक भोवरा तयार होतो, आतली हवा बाहेरच्या हवेत मिसळत नाही आणि गारठत जाते. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली उतरलं की तिथे, जिथे एरवी ढग नसतातच, तिथे ढग धरतात. क्लोरिन तोवर दोन निरुपद्रवी संयुगांत कोंडलेला असतो, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरिन नायट्रेट. ढगांच्या कणांच्या पृष्ठभागावर ही दोन संयुगं एकमेकांना भेटतात आणि क्लोरिन वायू मोकळा होतो. सुझन सॉलोमन यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह ही दिशा दाखवली आणि त्याच वर्षी त्या स्वतः मोजमापांसाठी अंटार्क्टिकावर गेल्या. पण अंधार आहे तोवर या क्लोरिनच्या हातून काही होत नाही. दारूगोळा भरून ठेवलेला, काडी पडायची बाकी. ती काडी म्हणजे वसंतातलं पहिलं ऊन. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्य क्षितिजावर येतो, क्लोरिनचे रेणू फुटतात आणि काही आठवड्यांत त्या उंचीवरचा ओझोन जवळजवळ संपतो. १९८७ मध्ये चिलीतल्या पुंता अरेनास इथून एक विमान या भोवऱ्यात शिरलं होतं. त्याने आणलेल्या आलेखात दोन रेषा आहेत. क्लोरिन मोनॉक्साइडची रेषा जिथे वर उडी घेते, तिथेच ओझोनची रेषा खाली कोसळते. दहावीच्या मुलांना हा आलेख काढून दाखवा. पुरावा कसा असतो, ते त्यांना एका नजरेत कळेल.

मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. भोक म्हणजे कुठेतरी ओझोन भरायचा राहून गेला असं नाही. तिथे रिकामा करणारा नळ सूर्याने सताड उघडलेला असतो. २००६ च्या भोकात सुमारे ४ कोटी टन ओझोन कमी पडला होता. तेवढा कुठून आणला आणि ओतला तरी तोच क्लोरिन तोही फस्त करील. गळका हौद बादल्या ओतून भरत नाही, आधी तोटी बंद करावी लागते. तोटी बंद करण्याचा करार १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल इथे झाला. म्हणून तर आपण तो दिवस पाळतो. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. जगातल्या प्रत्येक देशाने सही केलेला हा विरळा करार आहे, आणि तो लागू पडतो आहे. क्लोरिनचं प्रमाण हळूहळू उतरतं आहे. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अंदाजानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला परतेल. आपल्या वर्गातली नववीची मुलं तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. पृथ्वी रडते आहे असं चित्र काढायला लावण्यापेक्षा हे त्यांना सांगूया. माणसांनी बिघाड केला, शोधला, आणि दुरुस्तीला हात घातला.

उत्तराचं दुसरं अर्ध खाली आपल्या रस्त्यांवर आहे.

इथे पोचणाऱ्या उन्हात ऑक्सिजन फोडण्याची ताकद उरलेली नसते. २४२ नॅनोमीटरच्या आतले किरण वरच संपलेले असतात. मग खाली ओझोन बनतो कसा? सुटा ऑक्सिजन अणू देणारा दुसरा कुणीतरी लागतो, आणि तो म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. गाड्यांच्या, जनित्रांच्या, भट्ट्यांच्या धुरातला. या वायूचा रंग तांबूस-तपकिरी असतो, कारण तो जांभळा-निळा प्रकाश शोषतो. तेवढ्या मवाळ प्रकाशानेही त्याचा एक ऑक्सिजन सुटतो. पुढची पायरी वरच्यासारखीच, सुटा अणू ऑक्सिजनला चिकटला, ओझोन झाला. म्हणजे गाडीच्या नळकांड्यातून ओझोन निघत नाही. कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. तो हवेत, उन्हात शिजतो.

एवढंच असतं तर फार साठला नसता. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला लगेच खातो आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, जमाखर्च सारखाच. पण हवेत पेट्रोलची वाफ असते, रंगाचा थिनर असतो, अर्धवट जळलेला कचरा असतो. ही कार्बनी वाफ उन्हात अशी मूलकं तयार करते, जी ओझोन न खर्चता नायट्रिक ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड करतात. रिकामा करणारा नळ चोंदतो आणि हौद चढत जातो. हे कोडं लॉस एंजेलिसमध्ये सुटलं. १९४३ च्या जुलैमध्ये त्या शहरावर एवढं डोळे चुरचुरवणारं धुकं उतरलं की भर युद्धात लोकांना वायूहल्ला झाल्यासारखं वाटलं. तिथले आरी हागेन-स्मिट हे खरं तर अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे रसायनतज्ज्ञ. १९५० च्या आसपास त्यांनी दाखवलं की गाड्यांचा आणि तेलशुद्धीकरणाचा धूर, आणि वर कॅलिफोर्नियाचं ऊन, एवढ्यावर हे धुकं तयार होतं.

मागच्या मार्चमध्ये मी त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना कागदाच्या पट्ट्या करायला दिल्या. स्टार्चची खळ आणि पोटॅशिअम आयोडाइड लावलेला कागद ओझोन लागला की जांभळा होतो. ओझोनला नाव देणाऱ्या शोनबाइन यांची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती. एक पट्टी त्यांनी एसटी स्टँडजवळच्या दुकानाच्या पडवीत टांगली, एक शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आणि एक गावाबाहेर मळ्यातल्या झोपडीच्या वळचणीला. संध्याकाळी पट्ट्या जमवल्या. स्टँडवरची फिकट, गच्चीवरची जांभळी, मळ्यातली तर अगदी जांभळासारखी गडद. "बाई, गाड्या तर स्टँडवर. मग तिथेच कमी कसा?" या प्रश्नासाठी मी २२ वर्षं थांबले होते. स्टँडवर ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला जिथल्या तिथे खातो. वारा तो धूर पुढे नेतो, वाटेत ऊन मिळतं, आणि ओझोन शहराच्या बाहेर, वाऱ्याच्या दिशेला, चढतो. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा बऱ्याच शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड उतरला आणि ओझोन मात्र उतरला नाही, काही ठिकाणी वाढला, त्याचं एक कारण हेच. म्हणून फक्त चौकातलं यंत्र बघून शहराची हवा ओझोनच्या बाबतीत चांगली आहे असं कुणी म्हणू नये, आणि नुसता धूर कमी केला म्हणजे ओझोनही तेवढ्याच मापाने उतरेल असंही कुणी गृहीत धरू नये.

दुपारी एक ते चार हा त्याचा जोर. नाक-घशात जळजळ, खोकला, खोल श्वास घेतला की छातीत दुखणं, दमेकऱ्यांना झटका. आपल्या देशाच्या मानकांत आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासासाठी १८० अशी मर्यादा आहे. क्रीडा शिक्षकांनाही मी इथेच विनंती करते. उन्हाळी शिबिरातला कबड्डी-खोखोचा सराव आणि धावण्याच्या फेऱ्या सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी सावलीत खेळलं तरी ओझोन सावली बघत नाही. मुलं धावताना तोंडाने श्वास घेतात आणि मोठ्या माणसांच्या मानाने वजनाच्या हिशेबात जास्त हवा आत ओढतात.

आता दोन गैरसमजांविषयी, जे उत्तरपत्रिकांत दरवर्षी सापडतात. पहिला, भोकातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते. तापमानवाढ भोकामुळे होत नाही. ती कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंमुळे होते. सीएफसी तशीच उष्णता धरतात आणि तपांबरातला ओझोनही धरतो, एवढंच त्यांचं नातं. दुसरा गैरसमज फोनवर फिरतो, तुळस ओझोन सोडते, पिंपळ ओझोन सोडतो, म्हणून पहाटे त्यांच्याजवळ बसावं. तुळशीवर माझीही श्रद्धा आहे, माझ्या दारात वृंदावन आहे. पण कुठलीही वनस्पती ओझोन सोडत नाही. उलट पानांच्या रंध्रांतून ओझोन आत शिरतो आणि पेशी जाळतो. गहू आणि सोयाबीन ही त्याला हळवी पिकं आहेत. शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगितलं तर ती बापाच्या शेतातली पानं नव्या नजरेने पाहतील.

खालचा ओझोन सगळाच वाईट, असंही शिकवू नका. थोड्या ओझोनवर ऊन पडून, पाण्याच्या वाफेच्या साथीने, हायड्रॉक्सिल नावाचं मूलक तयार होतं, आणि हवेतला मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असा बराचसा केर तेच झाडून काढतं.

आता कॅलेंडर उघडून पाहा. १६ सप्टेंबरला दक्षिण ध्रुवावर भोक रुंदावत असतं, म्हणजे वरच्या गोष्टीसाठी दिवस अगदी चोख निवडला गेला आहे. पण आपल्याकडे तेव्हा ढग, पाऊस आणि अरबी समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा असते. जमिनीलगतचा ओझोन वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या आसपास असतो. तो चढतो मार्च ते मे. त्या दिवसांत मुलं परीक्षा देऊन पटांगणावर असतात आणि आपण ओझोन विसरलेलो असतो. तेव्हा माझी मागणी साधी आहे. सप्टेंबरमध्ये मुलांना वरच्या हौदाची गोष्ट सांगा, आणि मार्चमध्ये एक दिवस काढून खालच्या हौदाची. सप्टेंबरला एक पट्टी टांगा, मार्चला दुसरी.

पट्टीची कृती देते. पाव चमचा पोटॅशिअम आयोडाइड आणि एक चमचा कॉर्नफ्लोर, अर्धा कप ऊर्ध्वपातित पाण्यासाठी. आधी कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, उतरवा, मग आयोडाइड घाला. गार झाल्यावर गाळण कागदाला दोन्ही बाजूंनी ब्रशने लावा आणि अंधाऱ्या खोलीत वाळवा. पट्ट्या कापून झाकणाच्या बरणीत ठेवा. टांगायच्या वेळी थोडं पाणी शिंपडा, जागा सावलीची पण मोकळ्या वाऱ्याची घ्या, आठ तास राहू द्या. काढल्यावर पुन्हा ओली करा, मग रंग उमटतो. हवेतल्या ओलाव्यानेही रंग बदलतो, तेव्हा सप्टेंबरची पट्टी आणि मार्चची पट्टी डोळे झाकून तोलू नका, त्या दिवशीची आर्द्रता शेजारी लिहा. शक्य झालं तर मुलांना हेही सांगा की पुण्याहून आकाशात जाणाऱ्या त्या फुग्यांच्या यंत्रातही पोटॅशिअम आयोडाइडचंच द्रावण असतं. तिथे रंगाऐवजी विजेचा प्रवाह मोजतात, इतकाच फरक.

एक रबरबँडही टांगा. पाटीच्या चौकटीवर ताणून, सावलीत. दुसरा तसाच ताणून बंद बरणीत. काही आठवड्यांनी भिंगातून पाहिलं की बाहेरच्यावर ताणाला आडव्या बारीक भेगा दिसतात. हागेन-स्मिट यांच्या काळात शहराच्या हवेचा हा पुरावा मानला जायचा.

पट्टीवरचा जांभळा रंग दोन-चार दिवसांत उतरतो. म्हणून त्याच संध्याकाळी मुलांना रंगपेटी उघडायला सांगा, पट्टीशेजारी वहीत तसाच रंग भरून घ्या, खाली तारीख, वार आणि जागा.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका